तुमच्या नकाशातली चूक रंगात नाहीये

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: तुमच्याकडे 40 विभागांची एक्सेल शीट आहे, प्रत्येक विभागाची लोकसंख्या आणि तिथल्या दवाखान्यांची संख्या, एवढे दोनच कॉलम. क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सीमा घेतल्या, दवाखान्यांच्या संख्येप्रमाणे फिकट ते गडद हिरवा रंग भरला, आणि तुमचे मार्गदर्शक म्हणाले "हा नकाशा दिशाभूल करतो", पण का ते काही सांगितलं नाही. आता तुम्ही विचारताय की प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) बदलू का, वर्ग (एका रंगात येणाऱ्या आकड्यांचे गट) बदलू का, रंग बदलू का. आणि शेवटी सहज लिहून गेलात की स्थान, प्रदेश, अंतर, प्रमाण या मानवी भूगोलातल्या संकल्पना परीक्षेसाठी पाठ केल्या पण नकाशा काढताना त्यांचा काय उपयोग ते कळलं नाही.

मला ते शेवटचं वाक्यच खरा प्रश्न वाटतो. मी सतरा वर्षं नकाशे काढतेय, बहुतेक आरोग्य आणि वाहतुकीच्या कामासाठी, आणि नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात हे दोन वेगळे कप्पे असतात, एका कप्प्यात मानवी भूगोल म्हणजे व्याख्या आणि दुसऱ्यात नकाशा म्हणजे सॉफ्टवेअर. प्रत्यक्षात नकाशा काढताना जे जे ठरवावं लागतं त्या ठरवण्यालाच या संकल्पनांची नावं आहेत. प्रदेश कुठे संपतो, अंतर कशात मोजायचं, किती जवळून बघायचं, हे तुम्ही ठरवलं नाहीत तर सॉफ्टवेअर आपलं काहीतरी गृहीत धरून टाकतं आणि नकाशा तयार होतो. दिसायला छानच होतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

आधी एक सांगते, तुमची शीट न बघता काही गोष्टी मला ठामपणे सांगता येणार नाहीत. विभाग दाट वस्तीचे आहेत की विरळ, लोकसंख्या कुठल्या वर्षाची, "दवाखाना" म्हणून काय काय मोजलंय (रोज चालणारा, आठवड्यातून एकदा उघडणारा, फक्त दातांचा?), यावर बरंच अवलंबून आहे. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरूनही मोठी अडचण दिसतेच.

तुमचा नकाशा ज्या प्रश्नाचं उत्तर देतोय तो प्रश्न आहे "कुठल्या विभागात दवाखाने जास्त आहेत". तुम्हाला मात्र जाणून घ्यायचं होतं "कुठल्या लोकांना दवाखाना गाठणं अवघड जातं". पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "मोठ्या विभागात" असंच येतं, कारण मोठ्या विभागात सगळंच जास्त असतं, माणसं, दुकानं, शाळा, सगळं. समजा अ विभागात 2,00,000 लोक आणि 20 दवाखाने आहेत, ब विभागात 30,000 लोक आणि 6 दवाखाने. तुमच्या नकाशात अ गडद येणार आणि ब फिकट. आता दर 10,000 लोकांमागे काढा, अ मध्ये 1 आणि ब मध्ये 2. चित्र उलटं झालं! त्यात अ चं क्षेत्रफळ 400 चौरस किलोमीटर आणि ब चं 15 असेल तर आणखी गोंधळ, कारण डोळा रंग आणि आकारमान एकत्रच वाचतो, मोठा गडद तुकडा दिसला की "इथे भरपूर आहे" असंच वाटतं.

म्हणून विभागात रंग भरायचा असेल, म्हणजे आपण ज्याला क्षेत्रघनी पद्धत म्हणतो ती वापरायची असेल, तर कच्ची संख्या भरायची नाही. दर, टक्केवारी, घनता, असं काहीतरी भागून आलेलं हवं. हा काही आजचा नियम नाही. 1826 मध्ये चार्ल्स द्युपँ या फ्रेंच गणितज्ञाने फ्रान्सच्या शालेय शिक्षणाचा नकाशा केला, या पद्धतीतला तो पहिला मानला जातो, आणि त्याने नुसती विद्यार्थ्यांची संख्या रंगवली नव्हती, एका विद्यार्थ्यामागे किती लोकसंख्या पडते ते रंगवलं होतं. कच्ची संख्याच दाखवायची असेल तर विभागावर वर्तुळ ठेवा, फक्त वर्तुळाचं क्षेत्रफळ संख्येच्या प्रमाणात ठेवा, त्रिज्या नाही. चौपट दवाखाने असतील तर त्रिज्या दुप्पट. त्रिज्याच चौपट केली तर वर्तुळ सोळापट मोठं दिसेल, ही चूक छापील अहवालांतही सर्रास असते.

पण भागायचं कशाने, इथे खरा मानवी भूगोल सुरू होतो. जनगणनेतली लोकसंख्या साधारणपणे माणूस राहतो कुठे, म्हणजे झोपतो कुठे, ते सांगते. दिवसभर तो तिथे असेलच असं नाही. लंडनच्या मधोमध सिटी ऑफ लंडन नावाचा जेमतेम 3 चौरस किलोमीटरचा जुना भाग आहे, तिथे राहणारे लोक 2021 च्या जनगणनेत 9,000 सुद्धा नव्हते, पण कामाला येणारे लाखांत. तिथल्या दवाखान्यांना रहिवासी लोकसंख्येने भागलं तर तो भाग जगातला सगळ्यात सुखी दिसेल, आणि कामावर येणाऱ्यांनी भागलं तर वेगळंच काहीतरी. दोन्ही आकडे खरेच आहेत. बाळंतपणाच्या सोयी बघायच्या तर रहिवासी स्त्रिया धराव्या लागतील, अपघाताच्या सोयी बघायच्या तर दिवसा तिथे असणारे सगळे. तुमच्या शीटमध्ये फक्त एकूण लोकसंख्या असेल तर तीच वापरा, दुसरं काय करणार, पण नकाशाखाली स्पष्ट लिहा की ही रहिवासी लोकसंख्या आहे.

घनतेचंही तेच. इजिप्तची सरासरी घनता काढली तर एक बरा, मध्यम आकडा येतो, पण तिथली जवळजवळ सगळी माणसं नाईलच्या काठाने आणि त्रिभुज प्रदेशात, म्हणजे देशाच्या साधारण 5 टक्के जमिनीवर राहतात. सरासरी घनतेइतकी वस्ती प्रत्यक्षात फारच थोड्या ठिकाणी सापडेल. म्हणून तर भूगोलात एकूण जमिनीवरची घनता आणि लागवडीखालच्या जमिनीवरची घनता अशा दोन वेगळ्या घनता शिकवतात. तुमच्या एखाद्या विभागात अर्धं जंगल किंवा मोठं धरण असेल तर आधी तेवढा भाग वगळून वस्तीचा भाग वेगळा काढा, मग रंगवा.

आता सीमा. तुमचे 40 विभाग कुणीतरी कारभाराच्या सोयीसाठी पाडलेत. आजारी माणूस घरातून निघताना विभागाची सीमा बघत नाही. पुस्तकात आपण औपचारिक प्रदेश आणि कार्यात्मक प्रदेश असं शिकतो ना, ते हेच. औपचारिक म्हणजे सगळीकडे एखादा गुण सारखा असलेला किंवा कायद्याने आखलेला, आणि कार्यात्मक म्हणजे एखाद्या केंद्राकडे लोक जिथून जिथून येतात तो सगळा पट्टा. दवाखान्याचा प्रदेश दुसऱ्या प्रकारचा असतो आणि तुम्ही त्याला पहिल्या प्रकारच्या डब्यात बसवलंय.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरचा कॉलऱ्याचा नकाशा. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात साथ आली, त्याने घरागणिक मृत्यू काळ्या रेघांनी मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती त्या रेघांची गर्दी दिसली, एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्यातल्या कमी सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टी जास्त शिकवून गेल्या. एक, पाण्यातून कॉलरा पसरतो हे म्हणणं त्याने 1849 मध्येच छापलं होतं, म्हणजे आधी प्रश्न होता आणि मग नकाशा आला. दोन, जे या चित्रात बसत नव्हतं त्याच्यामागे तो गेला. पंपाजवळच एक अनाथ-गरिबांचं मोठं वसतिगृह होतं, 535 माणसं, आणि मृत्यू फक्त 5, तर तिथे स्वतःची विहीर होती. जवळच्या दारूच्या कारखान्यातले कामगारही वाचले, त्यांना तिथेच पेय मिळायचं आणि आत वेगळी विहीर होती. तीन, आणि ही तुमच्या कामाची, नंतरच्या नकाशात त्याने एक रेषा काढली, ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे पंप यांच्यापासून सारख्या अंतरावर असलेल्या बिंदूंची. आणि ते अंतर त्याने सरळ पट्टीने धरलं नव्हतं, रस्त्याने चालत जाण्याचं धरलं होतं! म्हणजे पंपाचा कार्यात्मक प्रदेश त्याने पायी अंतरावरून आखला, 170 वर्षांपूर्वी, आणि आज आपण कॉम्प्युटर असून सरळ वर्तुळं काढतो.

मीही काढलीत, म्हणून सांगते. बरीच वर्षं झाली, एका आरोग्य योजनेसाठी मी प्रत्येक केंद्राभोवती 5 किलोमीटरची वर्तुळं काढली होती, जे आत ते "सोय असलेले" आणि बाहेरचे "वंचित". बैठकीत नकाशा टेबलावर पसरला होता, एक वयस्कर नर्स वाकून बघत होत्या, त्यांनी एका वस्तीवर बोट ठेवलं, केंद्रापासून 3 किलोमीटर, वर्तुळाच्या चांगली आत. म्हणाल्या, "ही माणसं आमच्याकडे येत नाहीत, ती पलीकडे 7 किलोमीटरवर जातात." मी विचारलं का, तर म्हणाल्या की बस तिकडे जाते, पोरांची शाळाही तिकडेच, एका फेरीत दोन कामं होतात. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि इथे पूर्वी त्यांच्याशी कुणी नीट बोलत नसे. ते विसरली नाहीत." त्या दिवशी मला दोन संकल्पना कळल्या ज्या मी परीक्षेत व्यवस्थित लिहून आले होते. अंतर म्हणजे किलोमीटर, पण वेळही, भाडंही, आणि एका फेरीत किती कामं उरकतात तेही. आणि ठिकाण म्हणजे नुसते अक्षांश-रेखांश नव्हेत, तिथे माणसाला काय वाट्याला आलं तेही त्या ठिकाणाचा भाग असतं. दुसरी गोष्ट कुठल्याच कॉलममध्ये मिळत नाही, ती विचारायलाच जावं लागतं. त्या नकाशात मी वर्तुळं काढून टाकली आणि कुठल्या वस्तीतून कुठल्या केंद्रात माणसं जातात त्याच्या रेषा काढल्या, केंद्रांच्या नोंदवह्यांमधून. दिसायला नकाशा विस्कटलेला होता, पण बैठकीतल्या माणसांना आपापली गावं त्यात ओळखू आली.

तुमच्या 40 विभागांना एक बाहेरची कडही आहे, ती विसरू नका. कडेच्या विभागातली माणसं सीमेपलीकडच्या दवाखान्यात जात असतील आणि तुमच्या शीटमध्ये पलीकडचं काहीच नाही, त्यामुळे कडेचे विभाग उगाच वंचित दिसतील. वाल्डो टोबलर या भूगोलतज्ञाने 1970 मध्ये मांडलेला भूगोलाचा पहिला नियम सांगतो की सगळ्या गोष्टी एकमेकींशी निगडित असतात, पण जवळच्या जास्त. तो नियम तुमच्या नकाशाच्या चौकटीपाशी येऊन बंद पडत नाही. जमलं तर बाहेरच्या 5-10 किलोमीटरच्या पट्ट्यातले दवाखाने गोळा करा, नाही जमलं तर कडेच्या विभागांबद्दल जपून बोला.

पुढचा मुद्दा थोडा अवघड आहे, पण मार्गदर्शकांना बहुतेक हाच खटकला असावा. सीमा बदलल्या की आकडे बदलतात, जमिनीवर काहीही बदललेलं नसताना. कागदावर एक मोठा चौकोन काढा आणि त्याचे सारखे चार छोटे चौकोन करा, चौघांत सारखीच लोकसंख्या. डावीकडच्या वरच्या आणि खालच्या चौकोनात 90 टक्के लोकांना दवाखाना जवळ आहे, उजवीकडच्या दोघांत 10 टक्के. आता चारचे दोन विभाग करायचेत. आडवी रेघ मारून वरचा आणि खालचा असे केले तर दोन्हीत 50 टक्के, सगळीकडे समानता, काही प्रश्नच नाही. उभी रेघ मारली तर एकीकडे 90 आणि दुसरीकडे 10, भयानक विषमता. माणसं तीच, दवाखाने तेच.

हे फक्त कागदावरचं कोडं नाही. 1979 मध्ये स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर या भूगोलतज्ञांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या 99 काउंट्या वेगवेगळ्या तऱ्हेने एकत्र करून बघितल्या, वयस्कर मतदार आणि एका पक्षाची मतं यांच्यातला सहसंबंध, म्हणजे एक वाढलं की दुसरं वाढतं की घटतं ते, गट कसे पाडले त्यानुसार जवळजवळ पूर्ण ऋण ते जवळजवळ पूर्ण धन असा कुठेही नेता येतो असं दिसलं. मतदारसंघांच्या सीमा वाकड्या-तिकड्या आखून निवडणुका फिरवण्याचा उद्योग चालतो तो याच तत्त्वावर, 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये त्याला नावही मिळालं, जेरीमँडरिंग.

मग उपाय काय? पूर्ण उपाय नाही, पण सवय लावून घ्या. शक्य तितक्या लहान एककाचा डेटा मागा, आणि तोच नकाशा दोन वेगवेगळ्या एककांवर काढून बघा. निष्कर्ष दोन्हींत टिकला तर बोला, नाहीतर थांबा. मी अजूनही प्रत्येक कामात हे करते, अर्धा दिवस जातो पण रात्री झोप लागते.

आणि विभागाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलू नका. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने 1950 मध्ये अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेवरून हे दाखवलं होतं. राज्यवार बघितलं तर ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी, म्हणजे वाटेल की परदेशात जन्मलेले जास्त शिकलेले. माणसागणिक बघितलं तर उलटं, त्यांच्यात निरक्षरता थोडी जास्तच होती. कारण असं की येणारे लोक जिथे मूळचे रहिवासी जास्त साक्षर होते अशा राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते. तुमच्या नकाशात एखादा विभाग गरीबही असेल आणि दवाखाने कमी असलेलाही असेल, पण त्यावरून "गरिबांना दवाखाना मिळत नाही" असं लिहिता येणार नाही. खरं असेलही, पण या नकाशाने ते सिद्ध होत नाही.

प्रमाणाबद्दल, म्हणजे नकाशाच्या स्केलबद्दल, थोडंच. आधी शब्दांचा घोळ मिटवून टाका, 1:5,000 हे बृहत्प्रमाण आणि 1:10,00,000 हे लघुप्रमाण, बोलताना लोक हमखास उलटं बोलतात कारण "मोठा प्रदेश दिसतो" म्हणून मोठं प्रमाण म्हणतात. भागाकार करून बघा, 5,000 ने भागलेला एक मोठा. आता पट्टी घ्या आणि अर्ध्या मिलिमीटरची रेघ मारा. 1:50,000 च्या नकाशावर ती रेघ जमिनीवरचे 25 मीटर झाकते, 1:10,00,000 वर 500 मीटर. 500 मीटरमध्ये एक आख्खी वस्ती मावते. म्हणजे लघुप्रमाण नकाशावरून घेतलेली सीमा आणि जीपीएसने घेतलेला दवाखान्याचा बिंदू एकत्र ठेवलात तर दवाखाना सीमेच्या कुठल्या बाजूला आहे हे त्या नकाशाला माहीतच नसतं, तरी सॉफ्टवेअर मोजून देतं. तुमच्या सीमांची फाइल मुळात कुठल्या प्रमाणाच्या नकाशावरून डिजिटाइझ झाली ते शोधा, मेटाडेटामध्ये, म्हणजे फाइलसोबत येणाऱ्या तिच्या माहितीत, असतं बऱ्याचदा.

प्रोजेक्शनबद्दल तुम्ही सगळ्यात आधी विचारलंत, आणि तुमच्या नकाशात तेच सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे, एक अपवाद सोडून. गोल पृष्ठभाग सपाट करताना काहीतरी बिघडणारच, गाऊस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये गणिताने ते पक्कं केलं. म्हणून काय बिघडलं तर चालेल हे कामावरून ठरवायचं. मर्केटरने 1569 मध्ये जो नकाशा केला तो खलाशांसाठी, त्यात एकाच दिशेने धरलेला मार्ग सरळ रेषेत येतो आणि त्यांना तेवढंच हवं होतं. त्याची किंमत म्हणजे 60 अंश अक्षांशावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसतं, ग्रीनलंड आफ्रिकेएवढा वाटतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे 14 पट आहे. जगाचा क्षेत्रघनी नकाशा करत असाल तर समक्षेत्र प्रोजेक्शन, म्हणजे ज्यात क्षेत्रफळांचं प्रमाण बिघडत नाही ते, घ्यायलाच हवं. तुमच्यासारख्या 40 विभागांच्या छोट्या भागात डोळ्याला फरक दिसणार नाही.

तो एक अपवाद म्हणजे मोजमाप. तुमचा लेयर (नकाशातला माहितीचा थर) अक्षांश-रेखांशात असेल, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यापुढे ईपीएसजी 4326 दिसत असेल, आणि तुम्ही ठरावीक अंतराचं वर्तुळ काढणाऱ्या बफर टूलमध्ये 5 टाकलंत तर ते 5 अंश होतात, आणि एक अंश अक्षांश म्हणजे जवळजवळ 111 किलोमीटर. हे लगेच लक्षात येतं कारण वर्तुळ अवाढव्य येतं. जास्त धोकादायक वेब मर्केटर, जे ऑनलाइन नकाशांच्या मागे असतं, त्याचं एकक मीटर दिसतं म्हणून आपण विश्वास ठेवतो, पण 60 अंशावर त्यातले 1,000 मीटर म्हणजे जमिनीवरचे साधारण 500. विषुववृत्ताजवळ चूक नगण्य, जसजसं ध्रुवाकडे जावं तसतशी वाढते. म्हणून अंतर किंवा क्षेत्रफळ मोजण्याआधी लेयर तुमच्या भागाच्या यूटीएम झोनमध्ये (यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) सेव्ह करून घ्या, झोन 60 आहेत, प्रत्येकी 6 अंश रेखांशाचे. तुमचा भाग दोन झोनमध्ये पडत असेल तर ज्यात जास्त भाग येतो तो एकच झोन सगळ्याला वापरा, एवढ्याशा फरकाने काही बिघडत नाही.

आता वर्ग आणि रंग, जे तुम्ही बदलायला निघाला होतात. समजा 12 विभागांचे आकडे असे आहेत: 2, 3, 3, 4, 5, 6, 7, 8, 9, 11, 40, 95. चार वर्ग करायचेत. समान अंतराने केले तर पहिले 10 विभाग एकाच रंगात, 40 दुसऱ्या वर्गात, तिसरा वर्ग रिकामा आणि 95 एकटा चौथ्यात. नकाशा म्हणेल, एक राजा आणि बाकी सगळे सारखे. समान संख्येने, म्हणजे प्रत्येक वर्गात तीन विभाग असे केले तर 11, 40 आणि 95 एकाच गडद रंगात येतील आणि 9 वेगळ्या रंगात. 9 आणि 11 मध्ये फरक आणि 11 आणि 95 मध्ये नाही! नैसर्गिक खंड शोधणारी जेंक्सची पद्धत आकड्यांमधल्या मोठ्या दऱ्या शोधून तिथे कापते, एका नकाशासाठी ती बरी, पण दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील तर बिनकामाची, कारण दोन्ही नकाशांत कापायच्या जागा वेगळ्या येतात. मी काय करते तर आधी सगळे आकडे एका ओळीत टिंबांनी मांडून बघते, कागदावरसुद्धा चालतं, आणि मग हाताने सीमा ठरवते, त्यातली एक सीमा शक्यतो अर्थपूर्ण ठेवते, जसं की सगळ्या भागाची सरासरी किंवा योजनेने ठरवलेलं किमान प्रमाण.

रंगात एवढंच बघा की कमी-जास्त दाखवायचं तर एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा, आणि सरासरीच्या वर-खाली दाखवायचं तर मधे फिकट आणि दोन टोकांना दोन वेगळे रंग. लाल-हिरवी जोडी टाळा, अनेक पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही. नकाशातज्ञ सिंथिया ब्रुअर यांचे तयार रंगसंच क्यूजीआयएसमध्येच आहेत, ते घ्या. आणि आकडा शून्य असणं आणि माहितीच नसणं यांना एकच रंग कधीही देऊ नका. माहिती नसलेल्या विभागाला राखाडी किंवा तिरप्या रेषा. फिकट हिरवा दिला तर वाचणारा समजतो तिथे दवाखाने नाहीत, आणि तुम्हाला तर फक्त उत्तर आलेलं नसतं.

तर तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. पहिल्यांदा एका वाक्यात प्रश्न लिहिला असता, उदाहरणार्थ "दवाखान्यापर्यंत पायी किंवा बसने अर्ध्या तासात पोचू न शकणारे लोक कुठल्या भागात जास्त आहेत". मग दवाखान्यांचे खरे बिंदू मिळवले असते, पत्त्यावरून किंवा जीपीएसने, 40 विभागांचे मध्यबिंदू वापरले नसते. मध्यबिंदू वापरला की सगळा विभाग तिथेच राहतो असं धरलं जातं, आणि विभाग चंद्रकोरीसारखा असेल तर मध्यबिंदू विभागाच्या बाहेरही पडतो. मग रस्त्यांच्या जाळ्यावरून प्रवासाचा वेळ काढला असता, क्यूजीआयएसमध्ये नेटवर्क अॅनालिसिसची टूल आहेत, रस्त्यांचा डेटा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मोफत नकाशावरून मिळतो, मात्र विरळ वस्तीच्या भागात त्यात पायवाटा सुटलेल्या असतात, तेवढं तपासायचं. आणि शेवटी त्या अर्ध्या तासाबाहेर राहिलेल्या लोकांची टक्केवारी विभागवार रंगवली असती, शेजारी त्यांची कच्ची संख्या वर्तुळांनी. टक्केवारी सांगते कुठे परिस्थिती वाईट आहे, संख्या सांगते कुठे जास्त माणसं अडकलीत, आणि नवीन दवाखाना कुठे काढायचा यासाठी दोन्ही लागतात. बऱ्याचदा दोन्ही नकाशे वेगवेगळे विभाग दाखवतात, तेव्हा कुठला निवडायचा हे नकाशा नाही सांगत, ते ठरवणाऱ्या माणसांना सांगावं लागतं आणि त्यांनी उघडपणे ठरवावं लागतं.

एवढा डेटा मिळत नसेल, वेळ नसेल, तर निदान आजच्या आज दर 10,000 लोकांमागे दवाखाने काढा, वर्ग हाताने ठरवा, खाली रहिवासी लोकसंख्या आणि वर्ष लिहा, कडेच्या विभागांवर टीप द्या. तेवढ्यानेही मार्गदर्शकांचा आक्षेप बराच कमी होईल. आणि नकाशा छापण्याआधी तो घेऊन दोन-तीन दवाखान्यांत जाऊन या, जो विभाग सगळ्यात वाईट दिसतोय तिथल्या आणि जो सगळ्यात चांगला दिसतोय तिथल्याही. नकाशा समोर ठेवायचा आणि "यात काय चुकलंय" असं विचारायचं. "बरोबर आहे का" असं विचारलंत तर लोक हो म्हणून मोकळे होतात.

शीटमधली लोकसंख्या कुठल्या वर्षाची आहे आणि दवाखान्यांत कुठले प्रकार मोजलेत एवढं कळवलंत तर भागाकार कशाने करायचा ते नेमकं सांगू शकेन. दवाखान्यांच्या उघडण्याच्या वेळा मिळत असतील तर त्याही बघा, आठवड्यातून एक दिवस उघडणारा आणि रोज उघडणारा हे दोन्ही सध्या तुमच्या शीटमध्ये 1 म्हणूनच मोजले गेले असणार.